अक्काच्या नावाच्या सात फिती

जयपूरला मी आयुष्यात एकदाच गेले, आणि त्या एका खेपेत माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटातल्या बाळाचे ठोके माकडांना देऊन आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बाई हवामहालाचं वर्णन कधी करणार, म्हणून तुम्ही ताटकळत बसायला नको. हवामहाल मी पाहिला. टांग्यातून, मान वाकडी करून, आणि तोही मागच्या बाजूने.

साल बासष्ट असेल किंवा त्रेसष्ट. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, शिवणाचा क्लास पुरा केलेली, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की खात्री असलेली मुलगी. ती मुलगी आज रस्त्यात भेटली तर तिची वेणी धरून दोन धपाटे घालीन. पण तेव्हा घरात तिचं फार कौतुक. साताऱ्याहून जयपूरला जाऊन अक्काला माहेरी घेऊन यायचं काम आईने तिच्यावरच टाकलं होतं.

अक्काचं नाव कुसुम. दाजी, म्हणजे तिचे यजमान, जयपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. लग्नाला पाच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा सगळं गेलं, एकदा पाचव्या महिन्यात, एकदा सहाव्यात. आता तिसऱ्या खेपेला सातवा लागला होता. मामा कामासाठी दिल्लीला निघाले होते. जाताना मला जयपूरला उतरवायचं आणि आठ दिवसांनी येताना दोघींना घेऊन यायचं, असं ठरलं. निघताना आईने तिळाच्या लाडवांचा डबा हातात दिला आणि कानाशी लागून म्हणाली, "शशे, घर नीट बघ. उंबऱ्याशी, चुलीमागे, कुठे काही पुरलंय का. दोन्ही वेळा त्याच घरात गेलंय. माझ्या पोरीत काही खोट नाही."

"बघते," मी म्हटलं. जसं काही बाजारातून कोथिंबीरच आणायची होती.

चांदपोलच्या आत

जयपूरच्या भिंती गुलाबी म्हणतात. मला त्या आपल्या अंगणातल्या गेरूसारख्या दिसल्या. थंडी मात्र अशी, की दात वाजतात हे वाक्य लेखकांनी उगीच लिहिलेलं नसतं हे मला तिथे कळलं. अक्काचं बिऱ्हाड चांदपोल दरवाजाच्या आत, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली गल्लीत ठठेरे बसत. ठठेरे म्हणजे आपले तांबट. सकाळी सातपासून तांब्यापितळेवर त्यांची ठोकाठोक सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. मी पहिल्याच दिवशी कानात कापूस घातला. अक्का म्हणाली, "आदत होते गं. मतलब, सवय होते."

आमची अक्का पूर्वी जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरायची. आता ती घरातल्या घरात अशी चालत होती, की डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर आहे आणि एक थेंब सांडला तर कुणीतरी ओरडेल. मी पोटाबद्दल काही विचारलं की पटकन माझ्या तोंडावर हात ठेवायची. "बोलू नको. मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं." बाळंतविड्याचं एक झबलंसुद्धा तिने शिवलं नव्हतं. मी साताऱ्याहून आणलेली दुपटी तिने न उघडताच ट्रंकेच्या तळाशी घातली.

जेवणाची मात्र चंगळ होती. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या, सगळे त्यांना माँजी म्हणत. त्या बाजरीची खिचडी तुपात बुडवून वर पाठवत. आपण वरण-भातावर तूप घेतो; तिथे तुपाला आधार म्हणून खिचडी घेतात. अक्का दोन घास खाऊन ताट सारायची आणि उरलेलं मी संपवायचे. तिच्या काळजीने माझी भूक मेली होती असं लिहायला मला आवडलं असतं, पण खोटं किती लिहायचं?

दुसऱ्या दिवशी खिचडीचं भांडं परत द्यायला गेले तेव्हा माँजींनी मला जवळ बसवून घेतलं आणि दार लोटलं.

"बेटी, एक बात पूछूँ? बुरा तो नहीं मानोगी?"

"नाही, म्हणजे, नहीं."

"तुम्हारे जीजाजी के कोने वाले कमरे में दोपहर को रोता कौन है?"

कोपऱ्यातली खोली

त्या खोलीला सदा कडी असायची. दाजींनी मला सांगितलं होतं, "धूळ जाते आत, म्हणून लावतो. तिथे माझं संगीत असतं." संगीत! घरात ना तबला, ना पेटी. एक दिलरुबा होता, त्याच्या निम्म्या तारा गायब होत्या. मी अक्काला विचारलं, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांचं काहीतरी चालू असतं." खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाजी कॉलेजात गेले होते. मी पडले होते, पण झोप नव्हती. अक्का उठली, चाहूल घेतली, आणि पाय न वाजवता त्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला. आधी कढईत तेल तापावं तशी चरचर. मग खाली कुठेतरी एक घुमणारा सूर, माणसाचा नाही, वाद्याचा नाही. विहिरीत तोंड घालून कुणी कण्हावं तसा. तो वर चढायचा, घसरायचा, परत तिथेच यायचा. आणि दर दहा-बारा आकड्यांनी "टक्". मी मोजत होते. दर वेळी बरोबर तेवढ्याच वेळाने "टक्", जसं कुणी खोलीत गोल गोल फिरतंय आणि एकाच फरशीवर त्याची टाच आपटतेय. मग त्या सगळ्याच्या तळाशी मला ते ऐकू आलं. धकधक, धकधक, धकधक. फार भराभर. पुरलेल्या मडक्यात कुणी जिवंत कोंडून ठेवावं आणि त्याने आतून मडकं बडवावं, तसं.

तरी मी दाराच्या फटीला डोळा लावला. शिवणाच्या क्लासात आमच्या बाईंनी आम्हाला धीट केलं होतं, त्याचा हा उपयोग.

आत अंधार. अंधारात एक हिरवा डोळा, बिनापापणीचा, त्या ठोक्याबरोबर उघडझाप करणारा. त्याच्याखालून तपकिरी रंगाची एक बारीक फीत आपोआप निघत होती, टेबलाच्या कडेच्या पाण्याच्या बाटलीला वळसा घालून परत त्या डोळ्याखाली शिरत होती. तिला ना सुरुवात, ना शेवट. आणि जमिनीवर चटईवर माझी अक्का, डोळे मिटून, पोटावर दोन्ही हात ठेवून, हलकेच डुलत होती.

मी परत येऊन गोधडीत शिरले आणि रामरक्षा म्हणायला घेतली. चौथ्या श्लोकापुढे आठवेना. पुनःपुन्हा पहिल्यापासून म्हणत राहिले. आता हसू येतं. खोलीत एक फीत गोल फिरत होती आणि गोधडीत मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का न्हाणीघरात असताना मी कडी काढून आत गेले. खोलीभर एक पोलादी तार ताणलेली होती, दाराच्या चौकटीपासून खिडकीच्या गजापर्यंत. भिंतीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला त्या फितींच्या माळा. प्रत्येक माळेला चिठ्ठी. एकीवर "ठठेरे". एकीवर "रेडिओची खरखर". आणि सात माळांवर दाजींच्या अक्षरात एकच शब्द: "कुसुम". त्या सातही माळांच्या खालच्या टोकाला अक्काचा केसांचा आकडा अडकवलेला होता. एका आकड्यात तिचा लांब केससुद्धा होता.

नाव, केस, आकडा, कोंडलेला ठोका आणि बाटलीतलं पाणी. याहून वेगळं काय असतं? उंबऱ्याखाली शोधायची गरजच नव्हती. करणी भिंतीवर टांगलेली होती, चिठ्ठ्या लावून.

गलता

त्याच दिवशी संक्रांत होती. आपल्याकडे संक्रांत म्हणजे हळदीकुंकू, सुगडं आणि काळी चंद्रकळा. मी हौसेने काळं लुगडं नेसून खाली गेले तर माँजी दचकल्या. "आज के दिन काला?" त्यांच्याकडे बायका चौदा सवाष्णींना चौदा वस्तू देतात; माँजींनी त्या वर्षी चौदा कंगवे मांडले होते. पुरुष सगळे गच्च्यांवर. आभाळात पतंगांनी जागा ठेवली नव्हती. दाजीही त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर त्रिपोलियाजवळच्या कुणाच्या तरी गच्चीवर जाणार होते.

माँजी गलत्याला स्नानाला निघाल्या होत्या. डोंगराच्या घळीत झरा आहे, गायमुखातून कुंडात पडतो, वाहतं पाणी. करणी वाहत्या पाण्यात सोडायची असते आणि मागे वळून बघायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. कुणी सांगितलं होतं, विचारू नका. सात माळा उपरण्यात बांधून मी शालीखाली धरल्या. बाटलीतलं पाणी मोरीत ओतलं आणि बाटली गल्लीच्या उकिरड्यावर फेकली. अक्काला सांगितलं, "देवदर्शनाला जाते."

"माझ्यासाठी माग," ती म्हणाली. चेहरा उतरलेला होता. मी मनात म्हटलं, अगं, मागते कसली, सोडवूनच आणते तुला.

सूरजपोलपर्यंत टांगा, पुढे फरसबंदी चढ. वर सूर्याचं देऊळ लागतं. तिथे उभं राहिलं की अख्खं शहर पायाशी दिसतं आणि पतंग कापल्यावर लाखभर माणसांची "वो काटा" अशी आरोळी वाऱ्यावर वर येते. पलीकडे उतरलं की घळ, थंडगार, शेवाळी. आणि माकडं. कठड्यांवर, घुमटांच्या दगडी छत्र्यांवर, पायऱ्यांवर, आपल्या गावी लग्नाला मांडवात बसतात तशी मांडी घालून.

मी गायमुखाशी वाकले, उपरणं सोडलं, आणि एक मोठा हुप्प्यासारखा नर कठड्यावरून उतरून सरळ माझ्यासमोर आला. दात दाखवले. मी किंचाळले. पुढच्या क्षणाला गाठोडं त्याच्या हातात आणि तो छत्रीवर. त्याने एक माळ काढली, हुंगली, आकडा चावून पाहिला, थुंकला. मग ती माळ गळ्यात घातली. बाकीच्यांनी ओढाओढ केली. फिती तटातट तुटल्या, वाऱ्यावर सुटल्या, झुडपांना गुंडाळल्या आणि फर्रर्र फर्रर्र वाजायला लागल्या. पायऱ्यांवरची माणसं हसत होती.

मला वाटलं, आता करणी या माकडांना लागणार. वाईटसुद्धा वाटलं त्यांचं.

माँजी ओल्या लुगड्यात हात जोडून उभ्या होत्या. "देख बेटी! तेरा चढ़ावा हनुमानजी ने खुद आकर ले लिया!"

झालं. मी मागे न बघता डोंगर चढले, आणि उतारावर चक्क गुणगुणत होते.

त्रिपोलियापर्यंत

घरी आले तेव्हा दोन वाजून गेले होते. अक्का कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात, चौकटीला धरून उभी होती.

"शशे, माझ्या फिती कुठायत?"

मी सांगितलं. सगळं, अगदी अभिमानाने. करणी, आकडे, गलता, हनुमान. तिने मला थांबवलं नाही. बोलून झाल्यावर ती सावकाश खाली बसली.

"ते आकडे फीत वळू नये म्हणून अडकवते मी," ती म्हणाली. "त्या फितींवर ठोके होते. बाळाचे."

मला कळेना. तिने मग तुटक तुटक सांगितलं. दुसऱ्या वेळचं पोटातलं बाळ आधी गप्प झालं होतं आणि तिला दोन दिवस कळलंच नव्हतं. या वेळी तिला झोप लागेना. दर तासाला वाटायचं, थांबलं. म्हणून दाजींनी डॉक्टरीणबाईंकडून पोटाला लावायची लाकडी नळी मागून आणली, तिच्यात मायक्रोफोन बसवला, आणि ठोके टेपवर घेतले. नुसता ठोका ऐकून ती आणखी घाबरायची; पुढचा येईल की नाही, म्हणून श्वास धरून बसायची. मग त्यांनी त्याच्याखाली ती लांब तार दिलरुब्याच्या गजाने वाजवून घातली, रेडिओची खरखर घातली, ठठेऱ्यांची ठोकाठोक निम्म्या वेगाने घातली, आणि फितीची दोन टोकं चिकटवून टाकली. ठोका संपायलाच नको. एक फीत जुनी झाली की दुसरी. टक् आवाज यायचा तो चिकटवलेल्या जागेचा.

"शशे," तिने माझं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा होता. "सकाळपासून हललेलं नाही. मला वाटलं, निदान कालचा ठोका ऐकू. मला यंत्र लावता येतं, नवीन घेता येत नाही. त्यांना बोलाव."

मी धावले. माँजींना अक्काजवळ बसायला सांगून, पायात चपला न घालता, काळ्या लुगड्याचा ओचा धरून. चांदपोल ते त्रिपोलिया काही फार लांब नाही, पण त्या दिवशी तो रस्ता कुणीतरी दोन्ही टोकांनी ओढत होतं. सगळ्यांच्या माना वर, रस्त्यावर मीच एक समोर बघणारी. कुठून तरी कटलेल्या पतंगाचा मांजा आला आणि माझ्या दंडावरून सर्रकन गेला. रक्त आलेलं मला नंतर दिसलं. त्रिपोलियाजवळ एकेका गच्चीखाली उभी राहून मी "दाजी! दाजी!" ओरडत होते, आणि वरून दर आरोळीला "वो काटा!" येत होतं. शेवटी कठड्यावरचा एक विद्यार्थी ओणवला. "सर, कोई काली साड़ी में रो रही है!"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि फिरकी तशीच सोडून दिली.

रस्त्यात त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कधीपासून?"

"सकाळपासून."

मी फितींचंही सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. सायकल हाणत होते, आणि मी मागच्या कॅरियरवर त्यांचा कोट धरून बसले होते.

हिरवा डोळा

त्यांनी खिडक्या लावल्या, फटींत रजया कोंबल्या. तरी गच्च्यांवरचा गोंगाट भिंतीतून पाझरत होता. अक्का चटईवर आडवी झाली. यंत्राचा हिरवा डोळा पेटला. आत काही आवाज गेला की त्याची पट्टी मिटते, नाही गेला की उघडी राहते, एवढंच ते होतं. दाजींनी इयरफोन कानाला लावला आणि लाकडी नळी तिच्या पोटावर टेकली.

डोळा थरथरला. दाजींनी मान हलवली. नळी सरकवली. परत थरथर, परत मान. "आतडी," ते म्हणाले. मग, "बाहेरची ओरड." मग नुसती नळी फिरत राहिली. डावीकडे, खाली, उजवीकडे. अक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्या डोळ्याकडे बघत होती, आणि मीसुद्धा. दुपारपर्यंत मी ज्याला भूत समजत होते त्याच्यापुढे मी मनात पदर पसरला होता. मीट रे, म्हणत होते. एकदा मीट.

तो उघडाच राहिला.

गल्लीत कुणीतरी पतंग कापल्याचा ढोल बडवत होतं. दाजींच्या कपाळावर जानेवारीत घाम होता. त्यांनी नळी उचलली, हात धोतराला पुसले आणि अक्काला म्हणाले, "कूस बदल. डावीवर."

ती वळली. त्यांनी नळी पार बाजूला, कमरेजवळ टेकवली आणि डोळे मिटले.

पट्टी मिटली, उघडली. मिटली, उघडली. भराभर, अगदी नेमाने. दाजींनी इयरफोन काढून अक्काच्या कानाला लावला, आणि ती इतक्या मोठ्याने रडली, की माँजी जिन्यावरून "क्या हुआ? क्या हुआ?" करत धावल्या.

मी कोपऱ्यात उभी होते. मला वाटलं, आता दाजी मला हाकलून देतील, आणि ते बरोबरच असेल. ते आत्ताच घेतलेल्या ठोक्यांची फीत कापत होते, टोकं जुळवत होते. मग टेबलाच्या कडेला हात फिरवून त्यांनी विचारलं, "बाटली कुठाय?"

"उकिरड्यावर."

त्यांनी माझ्या हातात एक पेन्सिल दिली. "मग तू हो बाटली. उभी धर, घट्ट. सैल सोडायची नाही."

मी धरली. फीत माझ्या पेन्सिलीला वळसा घालून फिरायला लागली. दाजींनी तारेवर गज ठेवला. तो विहिरीतला सूर निघाला आणि त्याच्यावर ठोके, धकधक, धकधक. प्रत्येक ठोका माझ्या बोटांजवळून जात होता. पण माझा हात थांबत नव्हता. दंडातून रक्त येत होतं आणि मनगट लटलटत होतं, त्यामुळे फीत ताणायची, सैलायची, आणि ठोकेसुद्धा थरथर कापायचे. दुसऱ्या यंत्रावर, कॉलेजातून मागून आणलेल्या, ते सगळं उतरत होतं. अर्धा तास मी उभी होते. त्या अर्ध्या तासात अक्का झोपली.

मामा एकटेच परत गेले. डॉक्टरीणबाईंनी आगगाडीचा प्रवास नको म्हणून सांगितलं. अक्काला माहेरी न्यायला आलेली मी जयपूरला तीन महिने राहिले, आणि शेवटी आईच साताऱ्याहून आली. उंबरे तपासत. होळीनंतर मुलगी झाली, सव्वासहा पौंडांची, माँजींच्या थाळीनादात. तिकडे मुलगा झाला तरच थाळी वाजवतात, पण माँजी ऐकेनात.

दाजींनी मधल्या काळात नव्या, स्वच्छ फिती बऱ्याच केल्या होत्या. बाराव्या दिवशी, बारशाची तयारी चालली असताना, मी त्यांना म्हटलं, "दाजी, माझ्या हाताने थरथरणारी ती फीत तेवढी पुसून टाका ना आता. ऐकलं की लाज वाटते."

बाजेवरून अक्का म्हणाली, "राहू दे ती. त्या दिवशी घरात भिणारी मी एकटीच नव्हते, एवढाच त्याचा पुरावा आहे माझ्याकडे."